वायरलेसवरचं कुलूप

वेंगुर्ल्याच्या बंदरावर माझं दुकान आहे असं सांगितलं की गावाकडची माणसं विचारतात, मासळीचं का? नाही. मासळीशी माझा संबंध ताटापुरता, आणि तोही इकडे आल्यावर जडलेला. मी होड्यांवरचे वायरलेस संच दुरुस्त करतो. खारी हवा तांब्याला खाते, सांध्यांवर हिरवं चढतं, माइकच्या वायरीला उंदीर लागतात, आणि या सगळ्यावर माझं घर चालतं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला समुद्राने एवढं दिलं, म्हणून सकाळी दुकान उघडताना मी मनातल्या मनात त्याला हात जोडतो. आणि शेवटची होडी लागेपर्यंत त्याचीच धास्ती बाळगतो. दोन्ही गोष्टी रोज होतात, एकीने दुसरी कमी होत नाही.

मी हिंगोलीकडचा. कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमारास सिग्नलच्या केबली पुरणाऱ्या टोळीबरोबर कुडाळला आलो. काम संपवून टोळी पुढे गेली तेव्हा मी तापाने पडलो होतो, म्हणून मागे राहिलो. कुडाळातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ठेवून घेतलं आणि हातात सोल्डरिंगची सळई दिली. पुढे वेंगुर्ल्याच्या लहान होड्यांवर वायरलेस बसले, पण ते दुरुस्त करणारा जवळपास कोणी नव्हता, म्हणून त्याने मला इकडे धाडलं. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारी जानकीआत्या होती. तिने माझ्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेज जेवलंस काय रे?" मला भाषा नीट कळली नाही, पण प्रश्न कळला. तिच्या घराची पुढची खोली मला मिळाली, ती आजही माझ्याकडेच आहे.

घाटावरून आलेल्याला इथे घाटी म्हणतात. त्यात माया किती आणि टोमणा किती, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. मी बरीच वर्षं तोंडं बघत होतो.

आता धंद्याबद्दल थोडं. टेलिफोनवर दोन माणसं बोलतात. वायरलेसवर एक बोलतो आणि ज्याच्याकडे संच आहे तो प्रत्येक जण ऐकतो. त्यात खाजगी असं काही नसतं. हे माहीत असूनही माणसं त्यावर काय काय बोलतात! एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, माइक हातात घेण्याआधी चपला काढायचा. मी हसलो तर म्हणाला, "वाऱ्याशी बोलतंय, चपला घालून कसा बोलू?" एका खलाशाची बायको रोज माझ्या बाकाशेजारी येऊन बसायची, नवऱ्याचा आवाज ऐकायला. नवरा सबंध दिवस दुसऱ्या होडीवाल्यांना शिव्या घालायचा आणि ही समाधानाने ऐकायची. शिव्या चालू आहेत म्हणजे माणूस सुखरूप आहे. भांडण, लग्नाची बोलणी, आजारपण, सगळं माझ्या बाकावरून जायचं. कुडाळच्या उस्तादाने एकच गोष्ट बजावली होती, संच दुरुस्त करताना कानावर पडलेलं दुकानाच्या पायरीखाली उतरू द्यायचं नाही. ते मी पाळत आलो.

पण इतर ऐकणाऱ्यांना तसा उस्ताद नव्हता.

लहान होडीवाल्यांचं सगळं जगणं जागेवर असतं. समुद्र वरून सारखा दिसतो, खाली तसा नसतो. कुठे खडक, कुठे चिखल, कुठे मासळी विसावते, ते बापाने मुलाला सांगितलेलं असतं. पूर्वी डोंगराच्या आणि देवळाच्या खुणा जुळवून जागा ओळखत, मग जीपीएस आला आणि जागा म्हणजे आकडे झाले. एका होडीला मासळी लागली की ती वायरलेसवर भावकीच्या होड्यांना आकडे सांगायची. ते मोठ्या ट्रॉलरवालेही ऐकायचे. तासाभरात ते तिथे हजर, आणि त्यांची जाळी तळ खरवडत जायची, बारक्या होड्यांची जाळी फाडत. दाजी तांडेल हे आमच्या वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. ते एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाले, "आमी माश्यांक बगतंव, ते आमका बगतत."

वाडीने मग आपली सांकेतिक भाषा केली. एका आकड्याला बांगडा, दुसऱ्याला तारली, अशी माशांची नावं. एक मोसम बरा गेला, पुढच्यात ट्रॉलर पुन्हा वेळेवर यायला लागले.

त्याच दिवसांत पांढऱ्या शर्टातला एक माणूस माझ्याकडे आला. बोलणं गोड होतं. त्यांच्या सगळ्या ट्रॉलरच्या संचांचं काम मला मिळेल म्हणाला, बदल्यात काही करायचं नाही, या लोकांची भाषा बदलली की ती कशी बदलली एवढंच कानावर घालायचं. मी नाही म्हणालो. तो रागावला नाही. उठताना म्हणाला, "तुम्ही बाहेरचे, आम्हीही बाहेरचे. उद्या काही झालं तर हे लोक आधी कोणाकडे बघतील?" तो गेल्यावर मी बाकावरचा संच तसाच उघडा टाकून दुकान लावून घेतलं. त्याने माझ्या मनातलीच गोष्ट मला सांगितली होती.

अशात रेगेबाई आल्या. त्या मूळच्या इथल्याच, बंगळूरला एका संशोधन संस्थेत गणिताचं काम करत. आई आजारी म्हणून रजेवर आल्या होत्या आणि आईचा रेडिओ घेऊन माझ्याकडे आल्या. बाकावरच्या संचावर दोन होड्या बांगडे-तारली बोलत होत्या. बाई ऐकत चहा पीत होत्या. कप खाली ठेवून त्यांनी मला त्या होड्या कुठे आहेत ते सांगितलं.

मी घाबरलो. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, माझा धंदाच हा आहे." मग त्यांनी त्यांचा धंदा मला सांगितला. बँकेचे, फौजेचे, फोनवरचे निरोप कुलूपबंद कसे करायचे आणि दुसऱ्यांची कुलपं कुठे कच्ची आहेत, हे गणिताने शोधायचं. मी म्हणालो, चांगलं काम आहे. त्या म्हणाल्या, "चांगलं की वाईट, ते विचारायची आमच्यात पद्धत नाही. मी एकदा एक रीत शोधली, फार सुंदर होती. ती कोणाचं चोरून ऐकायला वापरली गेली, ते मला पुढे वर्तमानपत्रातून कळलं. तेव्हापासून आधी विचारते."

आणि त्यांनी खरंच विचारलं. दाजींच्या ओटीवर वाडी जमली, तर बाई कुलपाबद्दल बोलायच्या आधी तासभर प्रश्नच विचारत होत्या. लपवायचं काय? कोणापासून? लपवल्याने कोणाचं वाईट होईल? दाजी म्हणाले, "होयत. ट्रॉलरवाल्यांचा होयत." सगळे हसले. बाईही हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. "आणि होडी संकटात असली तर?"

त्यावर नियम ठरला. जीवाचा प्रश्न आला की आकडे उघडे सांगायचे, कुलूप नाही. सगळ्यांनी मान डोलावली. इतकं साधं होतं की कोणी त्यावर आणखी विचार केला नाही. बाईंनीही नाही, असं त्या पुढे म्हणाल्या.

कुलूप असं होतं. जागेचे चार आकडे, बाकीचे आमच्या पट्ट्यात सगळीकडे सारखेच. रोज सकाळी एक चार आकड्यांची किल्ली ठरायची, ती जागेच्या आकड्यांत मिळवायची आणि आलेलं उत्तर वायरलेसवर सांगायचं. ऐकणाऱ्याने किल्ली वजा करायची. तांडेलांना हे तोंडी जमतं, लिलावात त्यांचं डोकं याहून वेगात चालतं. किल्ली कोणती घ्यायची यावर दाजींनी तिथी सुचवली, कारण भरती-ओहोटीमुळे तिथी प्रत्येकाला पाठ. बाई म्हणाल्या, "दाजी, भरती त्या ट्रॉलरवाल्यालाही येते." रीत सगळ्या जगाला कळली तरी चालेल, त्या म्हणाल्या, किल्ली तेवढी कळता कामा नये.

किल्ली ठेवायला वाडीने एकमताने जानकीआत्याला निवडलं. पहाटे प्रत्येक तांडेल बंदरावर तिच्यासमोरूनच जातो आणि ती कोणाच्याही कानाला लागून बोलली तर कुणाला वावगं वाटत नाही. पहिले काही दिवस ती मनात येतील ते आकडे सांगायची. बाईंनी ओळखलं की आठ कधीच येत नाही. विचारलं तर आत्या म्हणाली, आठ तिला आवडत नाही, तिची सासू अष्टमीला आली होती. तेव्हा बाईंनी चिंचोक्यांवर आकडे कोरून एका पिशवीत घातले. हात घालायचा, येईल तो आकडा, चिंचोका परत आत. माणसाच्या आवडीनिवडीवर किल्ली ठेवायची नाही.

बंदरावर आत्या तांडेलांच्या कानात आकडे सांगते, ही बातमी चौकीपर्यंत गेली. हवालदार आला, मटक्याचा संशय घेऊन. आत्याने त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "तुका लागाचो नाय हो आकडो." तो गेला, पण पुढे कित्येक दिवस जाता-येता हळूच विचारायचा, आज काय आलं?

अजून एक गोष्ट बाईंनी केली. किल्ली मोडायचा, म्हणजे ती उघडी करायचा, अधिकार एकट्या आत्याकडे ठेवला. आणि मला किल्ली सांगायची नाही असं ठरवलं. मला आधी टोचलं. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. जे तुम्हाला माहीतच नाही ते तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही." पांढऱ्या शर्टवाल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. पण त्या रात्री मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलो. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला कोणी अज्ञान भेट द्यावं आणि त्याने डोळे पुसावेत, अशी ती गोष्ट होती.

दोन मोसम बरे गेले. खरं तर फार बरे गेले. ट्रॉलर लांबून फिरत राहायचे आणि आमचे आकडे ऐकून भलतीकडे जायचे. तांडेलांची जीभ इतकी सरावली की किल्ली मिळवून बोलणं हेच बोलणं झालं.

मग कार्तिकातली ती दुपार आली. सकाळी समुद्र तेलासारखा होता. जेवणाच्या सुमाराला वारा फिरला आणि बघता बघता समुद्र पांढरा झाला, म्हणजे लाटांच्या माथ्यांवर फेस दिसू लागला. होड्या एकेक करून खाडीत शिरल्या. आत्याचा मुलगा भिवा आणि त्याचे दोन खलाशी तेवढे आले नव्हते.

मी संचापाशीच होतो. खरखर झाली आणि भिवाचा आवाज आला, "मशीन बंद पडला. होडयेत पाणी येता." त्यामागून चार आकडे. मग नुसती खरखर. त्याची बॅटरी पाण्यात गेली असणार. मी पुन्हा पुन्हा हाक मारली, उत्तर नाही.

आकडे माझ्या डोक्यात पक्के होते. संकटात आकडे उघडे सांगायचे हा नियम, म्हणजे हीच जागा. ते आकडे दीपगृहाच्या खडकांकडचे होते. मी सरकारी नियंत्रण कक्षाला कळवलं. ते म्हणाले, नौका निघते आहे, पण लांबून निघते आहे, वेळ लागेल. मग मी संकटाच्या चॅनलवर सगळ्यांना हाक दिली. एका परराज्यातल्या ट्रॉलरने उत्तर दिलं, "मैं पास में है, जाता है." तो वादळातही जाऊ शकत होता, त्याचं लोखंड मोठं होतं.

दरम्यान दाजी आणि चार तांडेल काही न बोलता वाडीतली सर्वांत मोठी होडी काढून गेले. त्यांनी मला कुठे जातो ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. खाडीच्या तोंडावर लाटा घरासारख्या उभ्या होत्या. होडी दोनदा आडवी झाली आणि ते परत फिरले. ओलेचिंब होऊन माझ्या दुकानात आले. आत्या आधीच येऊन कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. चिंचोक्यांची पिशवी कमरेला तशीच होती.

ट्रॉलरवाल्याचा आवाज आला. "इधर कुछ नहीं है. गोल गोल देखा. नंबर ठीक से बोलो."

मी वळून पाहिलं. दाजी जमिनीकडे बघत होते. बाकीचे तांडेल एकमेकांकडे बघत नव्हते. आणि मला कळलं. भिवाने आकडे उघडे सांगितलेच नव्हते, कुलूप लावून सांगितले होते. या सर्वांनी ते ऐकताक्षणी मनात वजाबाकी केली होती, म्हणून तर होडी काढून धावले. त्या खोलीत खरी जागा सगळ्यांना माहीत होती. ज्याच्या हातात माइक होता, तो सोडून.

आणि ती जागा साधी नव्हती. वाडीच्या सगळ्या जागांमधली ती एक, जिच्यावर वर्ष निघायचं. ती हवेत बोलली की किनाऱ्यावरचा प्रत्येक संच ती ऐकणार. किल्ली उद्या बदलता येते. जागा बदलत नाही.

दाजी आत्याला म्हणाले, "आत्ये, झील तुझो आसा. तू सांग."

"माझो झील आसा म्हणानच माका सांगूक येवचा नाय," आत्या म्हणाली. "जागा वाडीची. तुमी सांगा."

"मोडूचो अधिकार तुझो."

"अधिकार माझो, पोटां तुमची."

मी हे पुष्कळदा मनात घोळवलं आहे. तिथे कोणीही वाईट माणूस नव्हता. आपल्या मुलासाठी वाडीचा घास उघड्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं आईला वाटत होतं. आईच्या हातची किल्ली तिला डावलून आपण वापरायची नाही, असं इतरांना वाटत होतं. दोघंही एकमेकांचा मान राखत होते आणि तिकडे होडीत पाणी चढत होतं. एक तांडेल म्हणाला की सरकारी नौका येईलच. खिडकीतून दिसत होतं, उजेड उतरत चालला होता.

"बोलो भाई," ट्रॉलरवाला म्हणाला, "अंधेरा होगा."

पांढऱ्या शर्टवाला काय म्हणाला होता ते आठवत होतं, उद्या काही झालं तर हे लोक आधी कोणाकडे बघतील. आणि मला अचानक वाटलं, बघू देत की. हेच तर कामाचं आहे. कोणाकडे तरी बघता यायला हवं ना? मी माइक बंद ठेवून आत्याजवळ गेलो आणि खाली बसलो. माझ्या मोडक्या मालवणीत म्हणालो, "आत्ये, माका आकडो ठावक नाय. माझ्या कानात सांग. वाडीन सांगूक नाय. घाट्यान सांगल्यान."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पहाटे तांडेलांना सांगायची तसं माझं डोकं ओढून कान तोंडाशी घेतला आणि खरे आकडे सांगितले. तिचा श्वास गरम होता. दाजींनी दुसरीकडे तोंड केलं.

मी माइकवर ते आकडे बोललो. सावकाश, दोनदा. एरवी अशा वेळी दहा जण मध्ये बोलतात. त्या दिवशी चॅनलवर सगळीकडे शांतता होती. किती कान ऐकत होते ते त्या शांततेवरून कळत होतं.

"दूर है," ट्रॉलरवाला म्हणाला. "जाता है."

नंतरचा वेळ मला सांगता येणार नाही. कोणीतरी दिवा लावला. आत्याने स्टूल सोडलं नाही. मी संचाचा आवाज वाढवत होतो आणि तो आधीच पूर्ण वाढलेला होता. शेवटी आवाज आला, मागे इंजिनची घरघर होती. "तीन आदमी मिला. होडी गया. तीनों ठीक है."

आत्याने पदर तोंडाला लावला. दाजी माझ्यापाशी आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि तो चालू करून सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वेंगुर्ल्याच्या वाडीचो दाजी तांडेल बोलतंय. जागा आमी सांगली. तुमचे उपकार आसत." मग माइक जागेवर ठेवला आणि मला म्हणाले, "घाट्यान सांगल्यान म्हणे. गप."

थोड्याच दिवसांत त्या जागेवर ट्रॉलरचे दिवे दिसू लागले. ज्याने भिवाला उचललं त्याचा ट्रॉलर त्यांच्यात होता की नव्हता, मला माहीत नाही, विचारावंसंही वाटलं नाही. पुढच्या मोसमात तिथे थोडी मासळी होती. त्याच्या पुढच्या मोसमात जाळं नुसता चिखल वर आणायचं. वाडीतली काही तरुण मुलं गोव्याला बोटींवर कामाला गेली, त्यांत भिवाही होता. याबद्दल मला, आत्याला किंवा भिवाला कोणी एक शब्द ऐकवला नाही. ते बोलले असते तर बरं, असं भिवा मला एकदा म्हणाला.

त्याला मी विचारलं होतं. सवयीने जीभ घसरली का? सगळ्यांनी तसंच धरलं होतं. तो आरोंद्याला सासुरवाडीला निघाला होता, दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "नाय रे. माका नियम ठावक होतो. ट्रॉलर आयकत होते. माका वाटला, तुमी येशात." म्हणजे बुडत्या होडीत उभा राहून त्याने डोक्यात बेरीज केली होती.

रेगेबाई पुढच्या रजेत आल्या तेव्हा हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बाकावरचा एक मोकळा व्हॉल्व्ह हातात घेतला. म्हणाल्या, "आम्ही कुलूप तपासतो ते एकाच बाजूने. चोराला उघडतं का? उघडायची वेळ आली तर धन्याला उघडवेल का, हे कोणी तपासत नाही. मी तुमच्या आत्याला अधिकार दिला आणि समजले की काम झालं. तिला तो वापरता येईल का, ते विचारलं नाही." मी म्हणालो, बाई, तुम्ही नियम तर केला होता. त्या म्हणाल्या, "नियम मी ओटीवर केला, माणिक. वापरायचा होता तिथे पाणी होतं."

वाडीला नवं कुलूप हवं होतं, दुसऱ्या लहानसहान जागा अजून होत्या. बाईंनी ते करून दिलं, पण अट घातली. मोडायचा अधिकार आता तिघांकडे, आणि ज्याच्या घरचा माणूस संकटात असेल त्याने गप्प बसायचं, बाकीच्या दोघांनी बोलायचंच. शिवाय दर अमावस्येला एका तांडेलाने संकटाची हाक खोटी खोटी द्यायची, आकडे उघडे सांगून, म्हणजे जिभेला तेही वळण राहील. पहिल्यांदा सगळे हसले. हाक द्यायची पाळी आली तेव्हा दाजींच्याच तोंडून कुलूप लावलेले आकडे गेले. मग कोणी हसलं नाही. ती रीत अजून चालू आहे.

बाईंना ही गोष्ट त्यांच्या लोकांना सांगायची होती. कुलपं करणारी देशोदेशीची माणसं कुठेतरी जमणार होती, त्यांच्यासमोर. त्यांनी परस्पर ठरवलं नाही, आत्याच्या ओटीवर येऊन परवानगी मागितली. मीही होतो. आत्या मासे कापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांग गो. पण जागा सांगू नको."

बाई म्हणाल्या, "आत्ये, ती जागा आता सगळ्यांना माहीत आहे. तिथे काही उरलेलंही नाही."

"आसांदे," आत्या म्हणाली. "एकदा माझ्या तोंडातसून गेली, ती झिलासाठी. परत कित्याक जावची?"

तिकडे म्हणे एका मोठ्या माणसाने भाषण झाल्यावर नकाशा उघडून विचारलं, नेमकं कुठे ते दाखवा. बाई म्हणाल्या, मला तो अधिकार नाही.

मलाही नाही.